टरफलांवर चालणारी गाडी

आमच्या गावात सगळे ज्या जागेला 'रूळ' म्हणत, तिथे रूळ नव्हते. म्हशी रुळावर सोडल्या, मिरच्या रुळावर वाळत घातल्या, रुळापलीकडचं रान यंदा चांगलं आलंय, असं सगळं बोलणं त्या नसलेल्या रुळाच्या आधाराने चाले. प्रत्यक्षात तो होता मातीचा एक लांबलचक बांध. रुकडी स्टेशनाजवळ मिरज-कोल्हापूर लाइनीपासून फुटून तो आमच्या शिवारातून डोंगराकडच्या खाणीपर्यंत गेला होता. खाणीतली खडी वाहून न्यायला कधीकाळी तिथे लोखंड अंथरलं होतं. पुढे खाण बंद पडली आणि माझ्या जन्माच्या आधीच रूळ उचलून नेले. रुळांखालच्या लाकडी स्लीपर मात्र गावातच राहिल्या. निम्म्या गावाच्या चौकटींना आणि गोठ्यांना त्याच लागल्या. आमच्या गोठ्याचं आढं म्हणजे एक स्लीपरच होती. तिच्यात बोल्टांची भोकं होती, आणि एका भोकात दरवर्षी चिमणी गवताच्या काड्या कोंबायची. लहानपणी मला वाटायचं की घर बांधायचं तर लाकडाला भोकं असावीच लागतात.

या बांधाखाली ओढ्यावर दगडी कमानीची एक मोरी होती. उन्हाळ्यात ओढा आटलेला असे आणि मोरीखाली इतका गारवा असे की दुपारी निम्मी आळी तिथे येऊन बसायची. बायका रिकाम्या हाताने येत नसत. पेरणीच्या आधी भुईमुगाच्या बियाण्याच्या शेंगा फोडायचं काम असे. यंत्रात फोडलेल्या शेंगांचे दाणे दुभंगतात, असं बी उगवत नाही, म्हणून बियाण्याच्या शेंगा हातानेच फोडायच्या. आई पाटी घेऊन यायची, शेंगांवर पाण्याचा हबका मारायची, आणि मग चारी बाजूंनी कट्‌ कट्‌ आवाज सुरू व्हायचा. तो आवाज कमानीखाली घुमायचा. अंगठा दुखायला लागला की आम्ही पोरं शेंग दगडावर आपटायचो. आणि अर्थातच खायचो. मी आणि माझा धाकटा भाऊ संपत तर दर दोन शेंगांमागे एक दाणा तोंडात टाकायचो. आई ओरडून थकायची. यावर उपाय काढला तो आत्तीने.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली, ती आमच्या घरातच राहिली. काळीसावळी, उंच, आणि आवाज असा की शिवारातल्या गड्याला बांधावरून हाक मारली तर शेजारच्या वाडीतला गडी वळून बघायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिने ठरवलं की शेंगा फोडताना ती गोष्ट सांगणार, आणि प्रत्येक वाक्याला प्रत्येकाने हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. दाण्यांनी तोंड भरलेल्या माणसाला नीट 'हं' म्हणता येत नाही, हे तिला बरोबर ठाऊक होतं.

"गाडी निघाली," आत्ती म्हणायची.

"हं."

"पर निघाली न्हाय."

"हं?"

"इंजनात टरफलं कमी पडली. ही गाडी कोळशावर न्हाय चालत. शेंगांच्या टरफलावर चालती. ढीग झाल्याबिगार डायवर हलत न्हाय."

"हं," म्हणून आम्ही भराभरा शेंगा फोडायला लागायचो.

"संपत्या, तुझा हुंकार आला न्हाय."

संपत गाल फुगवून बसलेला असायचा.

"तोंड रिकामं कर, मग चढ. तुझ्यापायी गाडी उभी हाय सगळी."

सगळ्या बायका हसायच्या आणि संपत डोळ्यांत पाणी आणून दाणे गिळायचा.

ती गाडी आमच्या डोक्यावरच्या बांधावरूनच जायची. रूळ नेले तरी गाडीला वाट पाठ आहे, असं आत्ती सांगायची. तिची स्टेशनं दरवर्षी वाढत गेली. एका स्टेशनात हरवलेली सगळी जनावरं जमायची. आमची शेळी, कुणाची कालवड, जत्रेत चुकलेला कुणाचा बैल, सगळी एका रांगेत धन्याची वाट बघत उभी. एका स्टेशनावर बारा महिने बाजार भरायचा, पण तिथे वस्तू मिळायच्या नाहीत. आपला कंटाळा द्यायचा आणि दुसऱ्याचं हसू घ्यायचं. आणि एक होतं हाकांचं स्टेशन. माणसं रानात एकमेकांना हाका मारतात, त्यातल्या कितीतरी वाऱ्याने वाहून जातात, ऐकणाऱ्याला पोचतच नाहीत. त्या सगळ्या तिथे येऊन पडलेल्या असायच्या. आपापली हाक ओळखून उचलून घ्यायची. हे स्टेशन पहिल्यांदा आलं तेव्हा माझी आई, जी कधी मध्ये बोलायची नाही, शेंग हातात तशीच धरून म्हणाली, "वन्सं, थितं माझ्या आईची हाक आसंल का वो?"

आत्तीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेंगा फोडता फोडता म्हणाली, "हाय की. लई दिसांची पडलीया. येताना घिऊन येतो."

त्या गाडीचे नियमही होते. मोठमोठ्याने हसायचं नाही, बगळा तिकीट तपासतो तो घाबरतो. आणि चढताना पायताण खाली काढायचं. "चालतं घर हाय त्ये," आत्ती म्हणायची. "घरात कोण पायताण घालून जातंय व्हय? खाली काढायचं. परत आलं की थितंच मिळतंय. गाडी राखण करती."

माझे वडील, आण्णा, कधी मोरीखाली बसले नाहीत. पुरुषांनी तिथे बसायची रीत नव्हती. बैल घेऊन जाताना ते कमानीच्या तोंडाशी रेंगाळायचे, बैलाच्या गळ्यातली घंटा हाताने धरून उभे राहायचे. आत्तीच्या ते लक्षात येई. "दत्तू, ऐकायचं आसंल तर हुंकार दे. फुकट ऐकणाऱ्यानं गोष्ट अडकती." आण्णा हुंकार न देताच बैल हाकायचे.

माझ्या नातीच्या कपाटात आता आगगाड्यांच्या अद्भुत गोष्टींची जाडजूड पुस्तकं आहेत. ढगांतून जाणाऱ्या गाड्या, भुतांच्या गाड्या, भिंतीतून निघणारे फलाट. मागच्या सुट्टीत तिने मला विचारलं, "आजी, विमानाच्या अशा गोष्टी का नसतात गं इतक्या?" मी शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवलं, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. नंतर वाटलं, रेल्वे वाट मागे ठेवून जाते म्हणून असेल. चालू लाइनीवर गाडी ठरलेल्या वेळेला येते आणि जाते, तिच्याकडे कुणी बघतही नाही. बंद पडलेल्या लाइनीवर कुठलीही गाडी कधीही येऊ शकते. आमचा बांध तसा होता. गवत माजलेलं, कडेला बाभळी, आणि तरी इतका सरळ की कुणीतरी येणार आहे असं वाटत राहायचं.

या गोष्टींचा एक परिणाम मात्र कुणाच्या लक्षात आला नव्हता. हळूहळू सगळ्या गावाची समजूत झाली की आत्तीला रेल्वेतलं सगळं कळतं. आपण रेल्वेत बसलोय असं ती कधी म्हणाली नव्हती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. पण कुणाला पुण्या-मुंबईकडे जायचं निघालं की तो आधी आमच्या सोप्यात येऊन बसायचा. "आक्का, मिरजंला गाडी बदलावी लागती का?" आत्ती गंभीरपणे म्हणायची, "बदलावी लागती. पर गडबड करायची न्हाय. गाडी माणूस बगून थांबती." माणूस समाधानाने चहा पिऊन जायचा. परत आल्यावर कुणी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

मी अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले तेव्हा मीटरगेज जाऊन कोल्हापूरची लाइन मोठी झाली होती. आमच्या घराण्यात अकरावीपर्यंत कुणी गेलेलं नव्हतं. हातकणंगल्याच्या शाळेत मी चालत जायचे, ते आण्णांना चालत होतं, कारण वाटेतलं प्रत्येक रान ओळखीचं होतं. कॉलेज कोल्हापुरात. रोज रुकडीहून रेल्वेने जायचं आणि संध्याकाळी रेल्वेने यायचं. शाळेतल्या गुरुजींनी आण्णांना बोलावून सांगितलं की हिला कॉलेजात प्री-डिग्रीला घाला. आण्णा नुसती मान हलवून आले. त्याच आठवड्यात इचलकरंजीचं एक स्थळ आलं होतं. मुलगा मागाच्या शेडमध्ये कामाला, माणसं चांगली. त्यांना उत्तर द्यायचं होतं.

आण्णा जेवायला बसले होते. ताटात भाकरी, खर्डा, आणि आंबिलीचा वाडगा. आई भाकरी थापत होती, तिच्या हाताचा आवाज मध्येच बंद पडला, म्हणून मी दाराआडून कान दिला.

"पोरीला शिकवू नये असं न्हाय माझं," आण्णा म्हणत होते. "पर रोज रेल्वेत एकटी? कोण चढतंय, कोण उतरतंय, कुणाला ठावं. आपल्या घरात रेल्वेत बसलंय कोण?"

"वन्सं हाईत की," आई हळूच म्हणाली.

आण्णांनी आत्तीकडे बघितलं. आत्ती चुलीपुढे टरफलं सारत होती.

"आक्का, तुझं काय म्हणणं?"

"मी जातो की हिला घिऊन पैल्या दिवशी," आत्ती म्हणाली. "नाव बी घालून येतो."

आण्णांनी बराच वेळ आंबील ढवळली. "बरं. तुला त्यातलं कळतंय. तू बगून सांगायचं, पोरीनं रोज जायाजोगं हाय का न्हाय. तू व्हय म्हणलीस तर जाऊ दे. न्हाय म्हणलीस तर इचलकरंजीच्या पावण्यास्नी मी होकार कळवतो."

म्हणजे माझं सगळं आयुष्य आत्तीच्या रेल्वेच्या ज्ञानावर येऊन टेकलं होतं. मला त्याची जराही भीती वाटली नाही. तिच्याइतकी रेल्वे आणखी कुणाला माहीत असणार? आण्णांनी मला नवीन पायताण करवून आणलं. चांभाराला बजावून सांगितलं होतं, करकर वाजणारं नको, कॉलेजात जायचंय. मी ते उशाशी घेऊन झोपले.

रुकडी स्टेशनावर त्या दिवशी सकाळी आठ-दहाच माणसं होती. आत्तीने इरकली लुगडं नेसलं होतं, हातात धपाट्यांचं फडकं. फलाटावर उभं राहिल्यावर तिने माझा दंड धरला. लांबून इंजिनाचा आवाज यायला लागला, फलाट थरथरायला लागला, आणि आत्ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "सुशे, हिचं दार कुठल्या अंगाला असतंय गं?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. त्या एका वाक्यात मला सगळं कळलं. हाकांचं स्टेशन, बगळा, मिरजेला बदलायची गाडी, सगळं. आत्तीने आयुष्यात फक्त खडीचे डबे लांबून बघितले होते. आणि मलाही काही माहीत नव्हतं. गाडी समोर येऊन थांबली. माणसं उड्या टाकून चढायला लागली. एक दार आमच्या पुढ्यातच आलं. आत्तीने एकदा माझ्याकडे बघितलं, पायताणं काढली आणि जोड्याने नीट लावून ठेवली. मीही काढली. आता सांगताना हसू येतं, पण त्या क्षणी माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. रेल्वेत चढताना चपला खाली काढायच्या, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. आम्ही अनवाणी आत चढलो आणि गाडी हलली.

दारात भाजीच्या पाट्या घेऊन एक बाई बसली होती. ती ओरडली, "आगं बया, पायताणं राहिली की वो तुमची!"

फलाट मागे सरकत होता. त्यावर दोन जोड, एक जुना आणि एक कोरा, हळूहळू लहान होत गेले. चार माणसं वळून बघायला लागली. आत्तीने पदर सारखा केला.

"ऱ्हाऊ देत," ती म्हणाली. "सांजच्याला हितंच उतरायचं हाय न्हवं."

भाजीवालीने सरकून आम्हाला जागा करून दिली. "बसा मावशी. पैल्यांदाच निघालाईसा व्हय?"

"हिला कॉलेजात घालायला निघालोय," आत्ती म्हणाली, आणि प्रश्न तिथेच संपला.

पंचगंगेच्या पुलावर गाडी धडधडायला लागली तेव्हा तिने पुन्हा माझा हात धरला. बाहेर खाली पाणी, ऊस, नदीकाठच्या मळ्या. ती टक लावून बघत होती. वळिवडं आलं, गाडी थांबली, सुटली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "ही सांगितल्या जागीच थांबतीया की." एवढंच. मला वाटलं, संपलं. आता मोरीखाली गाडी पुन्हा कधी निघणार नाही.

कोल्हापुरात ऊन तापलं होतं. पाऊस लांबला होता. डांबर पायाला चटके देत होतं, म्हणून आम्ही भिंतीच्या सावलीतून, एकीमागे एक, कॉलेजपर्यंत गेलो. कचेरीत प्रवेशाला बसलेल्या मराठीच्या बाईंनी माझे गुण बघितले, मग टेबलावरून वाकून आमचे पाय बघितले.

"चपला तुटल्या का वाटेत?"

"न्हाय जी," आत्ती म्हणाली. "ठेसनावर ठिवल्यात."

त्या बाई हसल्या नाहीत. "बरं केलंत," म्हणाल्या, आणि माझं नाव लिहून घेतलं. पुढे त्यांनी मला दोन वर्षं मराठी शिकवलं. मी जी काही झाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, पण त्या दिवशीचं 'बरं केलंत' हे त्यांनी मला दिलेलं सगळ्यात मोठं दान आहे असं मी मानते.

परतीच्या गाडीत धपाट्यांचं फडकं आम्ही सोडलंच नाही. नाव घातलं होतं, पण ते कागदावर. पायताणं गेली असतील तर आण्णा विचारणार. विचारलं की आत्तीला सांगावं लागणार. आणि जिच्या शब्दावर सगळं ठरलं होतं, तिला रेल्वेचं दारही ठाऊक नव्हतं हे कळल्यावर इचलकरंजीला निरोप जायला किती वेळ? आत्तीही तेच मनात घोळवत असावी. "दोष आला तर माझ्यावर घेतो," ती मध्येच म्हणाली. "तू गप ऱ्हा."

रुकडीला उतरलो. सकाळी जिथे चढलो होतो तिथे काही नव्हतं. आम्ही फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो. शेवटच्या बाकाजवळ कडुलिंबाला टेकवून एक सायकल उभी होती. ती आमची होती. बाकावर आण्णा बसले होते, आणि त्यांच्या पायाशी दोन जोड ठेवलेले होते, आमच्याकडे टाचा करून, नुसते पाय सरकवले की घालता यावेत असे.

झेंडी गुंडाळत जाणारा स्टेशनातला माणूस आमच्याकडे बघून म्हणाला, "तुमचंच का हे पावणं? सकाळधरनं पायताणं राखत बसल्यात. च्याला चला म्हणलं तर उठनात."

आम्ही निघाल्यावर आण्णांना घरी राहवलं नव्हतं. ते सायकलने मागोमाग आले होते आणि कुंपणाबाहेर उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. आम्हाला पायताणं काढताना बघून त्यांना काय कळलं असेल ते मला विचारायची गरज नव्हती. मी मान खाली घालून उभी राहिले. आत्ती काहीतरी बोलायला गेली, पण तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. तिचा आवाज बंद पडलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

"घाला," आण्णा म्हणाले. आम्ही पाय सरकवले. ते उठले, सायकल हातात घेतली, आणि चालायला लागल्यावर मागे न बघता म्हणाले, "आक्का, उद्यापास्नं हिला सांग, पायताण पायातच ठेवून चढायचं असतंय म्हणं. हितला माणूस सांगत हुता."

उद्यापास्नं. मी तो शब्द मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघितला. चढ लागला, ऊन उतरलं होतं, आण्णा सायकल ढकलत पुढे, आम्ही दोघी मागे. मोरी दिसायला लागली तसे आण्णा थोडे हळू झाले.

"मग?" ते म्हणाले. "कशी हुती गाडी?"

आत्तीने मोरीकडे बघितलं. मग तिचा तो मोठा आवाज हळूहळू परत आला.

"गाडीत एक बाई हुती," ती म्हणाली. "तिच्या पाटीत भाजी न्हवती, ढग हुते. वल्लेगार. पंचगंगेच्या पुलावर आली आन्‌ एकेक ढग काढून खाली सोडाय लागली."

आण्णांनी सायकलची घंटा हाताने धरली, वाजू नये म्हणून, आणि म्हणाले, "हं."